पहिल्या बत्तीचा मान

नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, दंगलीत डोक्याला टाके घेतले. तरी कोणी विचारलं की साहेब, तुमची आवडती केस कोणती, तर मी लालबागच्या एका गल्लीतल्या गणपती मंडळाची, विजेच्या धक्क्याची केस सांगतो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला पिस्तूल हवं असतं. पण ती सकाळ, तो ओला मंडप आणि मेन स्विचवरचं ते हळदकुंकू माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. इथे कोणाचंही नाव लिहीत नाही. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेलच.

तेव्हा मी वरिष्ठ निरीक्षक होतो आणि निवृत्ती तोंडावर आली होती. गणपतीच्या दिवसांत आमच्या हद्दीतल्या पोलिसाला जेवण उभ्याने आणि झोप खुर्चीत. चतुर्थीच्या सकाळी मी बंदोबस्ताची हजेरी घेत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने सांगितलं, अमुक गल्लीत मंडपात एकाला शॉक लागलाय, परळच्या हॉस्पिटलात नेलाय. मी तसाच निघालो.

मंडळ नावाजलेलं वगैरे नव्हतं. दोन चाळींच्या मधली गल्ली, त्यात मंडप, मूर्ती बेताची, पण माणसं जिवाला जीव देणारी. प्रतिष्ठापनेआधी मंडप धुऊन घेतला होता. दर्शनाच्या रांगेसाठी लोखंडी कठडे लावले होते. एका कठड्याचा पाय केबलवर बसून केबल कापली गेली होती आणि सगळा कठडा जिवंत झाला होता. मंडळाचा एक कार्यकर्ता ओल्या पायाने कठडा धरून उभा राहिला आणि चिकटला. दुसऱ्याने प्रसंगावधान राखून बांबूने त्याचा हात सोडवला, म्हणून तो वाचला. तळहात भाजला होता, शुद्ध नव्हती. डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते.

मखराच्या मागे मेन बोर्ड होता. अर्थिंग केलेलंच नव्हतं. ते असतं तर कठड्यात वीज उतरताच पुरवठा तुटला असता, माणूस चिकटला नसता. पंचनामा लिहिताना माझ्या हवालदारबाई थांबल्या. त्या हुशार आणि फटकळ बाई. म्हणाल्या, "साहेब, मेन स्विचला हळदकुंकू आहे, शेवंतीचं फूल आहे. हेही लिहायचं?"

मी म्हटलं, "डोळ्यांना दिसतं ते सगळं लिहायचं. काय कामाचं ते मागाहून ठरवू."

त्यांनी लिहिलं, आणि आम्ही दोघंही ते विसरलो.

मंडपाचं विजेचं काम एका परवानाधारक ठेकेदाराकडे होतं. गृहस्थ इंजिनिअर, राहायला दादरला, ऑफिस परळच्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरमध्ये. बोलावण्याआधीच ठाण्यात हजर झाला. शर्टाला एक सुरकुती नाही. म्हणाला, "आदल्या संध्याकाळी मी स्वतः येऊन सगळी तपासणी केली. माझं प्रमाणपत्र आहे. अर्थिंग ठीक होतं. नंतर वायरमनने काहीतरी हलवलं असणार. या लोकांना कितीही सांगा हो, ऐकत नाहीत." त्याचं ते 'या लोकांना' मला खटकलं. पण खटकण्यावर केस उभी राहत नाही.

मंडळाच्या अध्यक्षांनीही तोच सूर लावला. हो, सर आले होते, तपासून गेले. खजिनदार तेच. चार कार्यकर्ते तेच. एकूण एक जबाब एकाच साच्यातला. अनुभवी पोलिसाला इथेच वास यायला हवा. दहा माणसांनी एकच गोष्ट पाहिली तर दहा गोष्टी सांगतात. एकच गोष्ट सांगायला लागली की समजावं, आधी बैठक झाली आहे. मला वास आला होता, पण पुढे विसर्जनापर्यंतचा बंदोबस्त उभा होता.

राहिला वायरमन. चाळीतलाच, पन्नाशीचा, कोकणातला, अंगाने काटकुळा. वडील गिरणीत होते. हा पोरवयापासून वायरिंग करायचा, रीतसर परमिट होतं, आणि त्या ठेकेदाराची कामं वर्षानुवर्षं करत आला होता. त्याला समोर बसवलं. विचारलं, अर्थिंग का केलं नाहीस?

"करत होतो साहेब. पूर्ण व्हायच्या आत लाइट लावला, मग कोणी बंद करू देईना. मी थांबा म्हटलं होतं."

"कोणाला म्हटलंस?"

तो नखातला मळ काढत बसला.

"लाइट कोणी लावला?"

तोंडाला कुलूप. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, त्याने मान खाली घातली. फक्त एवढंच म्हणाला, "मी सरांना फोन केला होता. ते म्हणाले लाव." फोनची नोंद तपासली. फोन झाला होता, खरं. ठेकेदार म्हणाला, "बरोबर आहे, मी गल्लीच्या तोंडाशी पोचलोय का ते विचारायला त्याने केला होता." आता फोनवर काय बोलणं झालं, हे कुठल्या कंपनीच्या नोंदीत सापडत नाही. मोबाइल टॉवरचा उपयोग नव्हता, कारण त्याचं ऑफिस आणि ती गल्ली एकाच टॉवरखाली. मंडपात कॅमेरे होते, पण तेही त्याच मेनवर. पहिली बत्ती लागेपर्यंत कॅमेरे आंधळे.

कलम जामिनाचं होतं, वायरमन जामिनावर सुटला. पण आरोपी म्हणून नाव लागलं की त्याचं परमिट जाणार हे नक्की होतं. परमिट गेलं की पन्नाशीतल्या वायरमनला कोण दारात उभं करतो? चाळीने तर आधीच त्याच्यावर खापर फोडलं होतं. ज्या माणसाने प्रत्येकाच्या घरातला पंखा कधी ना कधी उतरवून दुरुस्त केला होता, त्याच्याशी लोक जिन्यात बोलेनासे झाले. जखमी कार्यकर्त्याची आई रोज त्याच्या दारावरून जाताना थांबायची आणि शिव्या घालायची. तो ऐकून घ्यायचा.

अनंत चतुर्दशी पार पडली. ठाण्यातली माणसं दोन दिवस झोपून उठली आणि मग ठाण्याच्या लँडलाइनवर फोन आला. गिरगावातला एक मंडपवाला होता. "नाव विचारू नका साहेब, मला याच लायनीत पोट भरायचंय. तुम्ही ज्या ठेकेदाराला साक्षीदार केलंत ना, तो कामावर कुठेच जात नाही. आमच्या वाडीतपण गेल्या वर्षी आला नव्हता. तो सही विकतो. आणि एक बघा, त्याचा परवाना एकदा काढून घेतला होता. अटींवर परत मिळालाय. त्या अटी काय ते बघा." एवढं बोलून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः परवाना देणाऱ्या कार्यालयात गेलो. माहिती पक्की निघाली. आधी एका इमारतीच्या कामात मजूर भाजला होता, त्या प्रकरणात याचा परवाना निलंबित झाला होता. नंतर माफीनामा, वकील, विनंत्या, आणि शेवटी दोन वर्षांच्या परीक्षाकाळावर परवाना परत. अटी साध्या होत्या. प्रत्येक कामावर स्वतः हजर राहायचं, पुरवठा सुरू होण्याआधी स्वतःच्या हाताने तपासणी करायची, दुसऱ्याच्या भरवशावर सही द्यायची नाही. एक जरी अट मोडली तरी परवाना कायमचा रद्द. म्हणजे त्या संध्याकाळी तो लालबागला नव्हता हे सिद्ध झालं की गडी संपला. म्हणूनच तो एवढ्या तातडीने इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्यात आला होता.

त्याच्या ऑफिसच्या टॉवरमधलं कॅमेऱ्याचं चित्रीकरण मागवलं. जुनं पुसून नवं साठवणारी यंत्रणा. ती संध्याकाळ पुसली गेली होती. मी चरफडलो. पंचनामा पुन्हा काढून वाचत बसलो, आणि हवालदारबाईंनी लिहिलेल्या त्या ओळीवर माझं बोट थांबलं. मेन स्विचवर हळदकुंकू, शेवंतीचं फूल. मी परळच्या चाळीत वाढलेला माणूस. आमच्याकडे मुहूर्ताला नारळ फोडायचे, पेढा वाटायचे. पण स्विचला हळदकुंकू लावायला बाईमाणूस लागतं, आणि एकाही जबाबात बाईचा उल्लेख नव्हता.

ठेकेदाराला बोलावलं. चहा दिला. माझी एक पद्धत होती. खोटं बोलणाऱ्याला मुख्य गोष्ट मी परत विचारत नसे. ती त्याने घोटून पाठ केलेली असते. मी कडेच्या गोष्टी विचारायचो. कुठे गाडी लावलीत, कोणी पाणी दिलं, मूर्तीवर कापड होतं का. त्याने सगळं झकास सांगितलं. मग मी सहज विचारलं, "आणि तपासणी झाल्यावर पहिली बत्ती कोणी लावली?"

तो हसला. "मीच. परवानाधारकाशिवाय मेनला कोणी हात लावायचा नसतो, इन्स्पेक्टरसाहेब. तो नियमच आहे."

"अगदी बरोबर," मी म्हटलं, आणि ते त्याच्या जबाबात त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. त्याने वाचून, समजून सही केली. पेनसुद्धा स्वतःचं वापरलं.

त्याच संध्याकाळी मी साध्या कपड्यांत मंडळाच्या ऑफिसात जाऊन बसलो. मंडप उतरवणं चालू होतं. अध्यक्षांना कामाचं काही विचारलंच नाही. जुन्या गिरणगावाच्या गप्पा काढल्या, आमच्या परळच्या गणपतीला मुहूर्ताचा नारळ कोण फोडायचं ते सांगितलं. मग म्हटलं, "तुमच्याकडे पहिल्या बत्तीचा मान कोणाचा हो?"

अध्यक्षांची छाती फुगली. "आमच्याकडे नव्या सुनेचा. वर्षात जी सून चाळीत आली, त्यातली सगळ्यात नवी. आमच्या वडलांपासून चालत आलंय. ती हळदकुंकू वाहते आणि बटण दाबते. यंदा तर..."

आणि तिथे त्यांना कळलं की आपण काय बोललो.

मी चहाचा घोट घेतला. "ठेकेदार तर सही करून सांगतो की मीच लावली. म्हणजे त्याला तुमचा हा मान माहीतच नाही. जो तिथे उभा होता त्याला हे माहीत नसेल का?"

अध्यक्षांनी उठून ऑफिसचं दार लोटलं. मग डोळे पुसले. "साहेब, सर आलेच नव्हते. आम्ही सगळ्यांनी ठरवून सांगितलं. परवानगी जाईल, मंडळ बंद पडेल, हे तर होतंच. पण खरं कारण ती पोर. लग्न होऊन दोन महिने नाही झाले. तिने बटण दाबलं आणि सकाळी आपला माणूस मरता मरता वाचला. हे बाहेर पडलं तर लोक तिचा पायगुण काढतील. जन्मभर बोलतील. म्हणून तिचं नाव कुठेच येऊ द्यायचं नाही असं ठरलं. वायरमनकाकाच म्हणाला, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पोरीचं नाव घेऊ नका."

मला त्या वायरमनचा विलक्षण राग आला आणि तितकंच प्रेम वाटलं. टेबलावर हात आपटून मी ज्याला घाबरवत होतो, तो एका परक्याच्या मुलीसाठी गप्प बसला होता.

दुसऱ्या दिवशी हवालदारबाईंना घेऊन त्या घरी गेलो. दारातच सासूबाई आडव्या आल्या. "साहेबानू, तिका ह्येच्यात कित्याक ओढतास?" मी त्यांना खाली बसवलं आणि मग सूनबाईंना बोलावलं. कुडाळकडची मुलगी, विशीतली, नजर सरळ. पदर खोचूनच बाहेर आली.

"मी वाटच बघत होते," ती म्हणाली. "सगळ्यांना विचारलंत. मला कोणी विचारलंच नाही."

मंडळाने म्हाताऱ्या माणसांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना काय बोलायचं ते पढवलं होतं. हिला पढवायचं कोणाला सुचलं नाही. नव्या सुनेला कोण विचारणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि मीही त्यांच्याइतकाच त्यात सामील होतो.

तिने सांगितलं ते असं. हळदकुंकू वाहून तिने बोट बटणावर ठेवलं, तेव्हा वायरमनकाका मागून म्हणाले, थांबा वहिनी, अजून अर्थिंग व्हायचंय. कार्यकर्ते म्हणाले, मुहूर्त टळतोय, पाहुणे आलेत. काकांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. 'सर' म्हणून नाव घेतलं, म्हणाले अर्थिंग राहिलंय, या तुम्ही. पलीकडून आवाज आला, मी ऑफिसात मीटिंगमध्ये आहे, तू लाव बिनधास्त, कागद पाठवतो. मग सगळे म्हणाले, लावा वहिनी. तिने बटण दाबलं.

"त्या दिवसापासून मला देवापाशी दिवा लावू देत नाहीत," ती सासूकडे न बघता म्हणाली. "कोणी बोलत नाही काही. फक्त काडेपेटी माझ्या हातातून घेतात."

सासूबाईंनी मान फिरवली. हवालदारबाई नोकरीत कधी रडताना मी पाहिल्या नव्हत्या. त्या जबाब लिहिताना नाक ओढत होत्या.

फोनची वेळ जुळली. अध्यक्षांनी नवा जबाब दिला, कार्यकर्त्यांनी दिला. घाई करणाऱ्यांत अध्यक्षही होते, खोटंही बोलले होते, म्हणून आरोपपत्रात ठेकेदाराच्या खाली त्यांचंही नाव घातलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. वायरमनचं नाव आरोपींतून काढून साक्षीदारांत घेतलं. ते कागद टाइप होत असताना मी उगाचच टायपिस्टच्या मागे उभा राहिलो होतो.

कोर्टाचं काम कोर्टाच्या चालीने चालतं. परवान्याची सुनावणी मात्र लवकर लागली. ठेकेदार बड्या वकिलाला घेऊन आला. आता त्याने पवित्रा बदलला होता. म्हणे फोनवरून देखरेख केली, तीही हजेरीच. म्हणे परीक्षाकाळ संपतच आला होता, एवढ्यासाठी माणसाचा व्यवसाय हिरावून घेऊ नका. मग वकिलाने सूनबाईंना घेरलं. "तुमचं शिक्षण काय? अर्थिंग म्हणजे काय ते सांगता येईल? विजेतलं तुम्हाला काय कळतं?"

ती म्हणाली, "विजेतलं काही कळत नाही. थांबा म्हटलेलं कळतं."

मागच्या बाकावर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. आमचं बोलावणं नसताना, नऊवारी नेसून, चाळीतल्या बायका घेऊन आल्या होत्या.

परवाना कायमचा रद्द झाला. परीक्षाकाळातल्या अटींचा भंग, शिवाय खोटं प्रमाणपत्र. निकाल ऐकताना त्या गृहस्थाने शिपायाकडे पाणी मागितलं. मला त्याची दया आली का? नाही आली. त्याला एक संधी मिळाली होती, नुसतं जागेवर जाऊन उभं राहायचं होतं. गल्ली त्याच्या ऑफिसातून चालत जाण्याइतकी जवळ होती. मला आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही. दादरला येऊन हवालदारबाईंना आणि सगळ्या पथकाला मिसळ आणि पियूष दिलं. वायरमनला बोलावलं तर म्हणाला, नको साहेब, आज जिन्यातला दिवा दुरुस्त करायचाय, बायकांनी सांगितलंय. बायकांनी सांगितलंय, हे त्याने दोनदा सांगितलं. जखमी कार्यकर्ता तोवर हिंडूफिरू लागला होता. त्याची आई वायरमनच्या दाराशी पुन्हा थांबली, पण या खेपेला हातात घावन्यांचं ताट होतं.

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, सराईत खोटारडा नियमाला शोभेल असं उत्तर देतो, आणि माणसं नियमाने जगत नाहीत, रीतीने जगतात. खरं शोधायचं तर रीत विचारावी. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. त्या चाळीने मुलीच्या मायेपोटी खोटं बोलून तिलाच घुसमटवलं आणि एका भल्या माणसाचा बळी द्यायला निघाली. मायेने दडवलेलं सत्यही सडतं. आणि ज्याला कोणी विचारत नाही, त्याला आधी विचारावं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो होतो. मंडळाने पहिल्या बत्तीला बोलावलं. गल्ली फुलली होती, पुढच्या खुर्च्यांत नगरसेवक आणि पाहुणे घड्याळ बघत बसले होते. नव्या परवानाधारक बाई सकाळपासून मंडपात होत्या, वायरमन त्यांच्यासोबत बोर्डामागे वाकलेला. यंदाची नवी सून हिरवा चुडा सावरत पुढे आली, हळदकुंकू वाहिलं, बोट बटणाकडे नेलं.

"थांबा वहिनी," बोर्डामागून आवाज आला.

गर्दीतून कोणीतरी सवयीने म्हणालं, "लावा लावा, मुहूर्त टळतोय."

तेवढ्यात गेल्या वर्षीच्या सूनबाई पुढे झाल्या. नव्या मुलीचं मनगट त्यांनी हळूच धरलं. "काका सांगतील तेव्हा," म्हणाल्या. तेवढंच, पण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. त्यांच्या मागे सासूबाई उभ्या होत्या. गणपतीपुढची समई लावायला काडेपेटी आणली होती, ती त्यांनी सगळ्यांदेखत सुनेच्या हातात दिली.

मग सगळे थांबले. नगरसेवक थांबले, अध्यक्ष थांबले, बँडवाले थांबले, मुहूर्त थांबला. जिन्यात ज्याच्याशी वर्षापूर्वी कोणी बोलत नव्हतं, त्या काटकुळ्या माणसासाठी अख्खी गल्ली अंधारात उभी राहिली. त्याने काम संपवलं, बाईंनी तपासलं, मान हलवली. तो हात पुसत बाहेर आला, एवढी माणसं आपल्याकडे बघतायत हे पाहून जरा बावरला.

"आता लावा," तो म्हणाला.